कळंब–घाटंजी, दोन रकाने

४ मे
उज्ज्वला माहेरी घाटंजीला गेली. चार दिवसांसाठीच. जाताना म्हणाली, मले घरात बोलाले माणूस पाहिजे. उन्हाचा परिणाम. मी लॅपटॉपवरून मान वर केली नाही, पायथनचा धडा चालू होता. आता घर शांत. एकवीस दिवसांत कोर्स संपवणार, मग डेटावाली नोकरी.

पहिला प्रोजेक्ट: रोज दुपारी दोनचं तापमान. कळंबचं मी घेणार, घाटंजीचं ती पाठवणार. तिच्या पिशवीत थर्मामीटर मीच टाकला. आकड्यांच्या दोन एकेरी ओळी जोडून दोन रकान्यांचं टेबल. नवरा-बायकोचं एकत्र काम! ती आली की प्रिंट हातात देणार.

७ मे, सकाळी ८ (उठायचं ठरलं होतं ५ ला)
ओळी जोडल्या. शेजारी बसण्याऐवजी एकामागे एक लागल्या. कळंब संपलं की घाटंजी सुरू. चूक माझी नाही, धडाच नीट समजावलेला नाही.

९ मे
तिचा मेसेज. ४३. जेवून राह्यले ना वेळेवर? मले इथं करमत नाही.
मलाही जरा भरून आलं. पण प्रोजेक्ट आधी. तिला समजावलं की ॲरेत, म्हणजे आकड्यांच्या रांगेत, एक जरी शब्द शिरला तर सगळे आकडे अक्षरं बनतात, मग सरासरी निघत नाही. फक्त आकडा पाठवत जा.

१० मे
नुसता ४२ आला. एकदम स्वच्छ. बायको शिकते आहे.

१३ मे
आकडा आता तिच्या भावाच्या, देवसिंगच्या नंबरवरून येतो. तिचा फोन चार्ज नसेल. ठीक दोनला येतो, फालतू शब्द एक नाही. रात्री पुन्हा मॅगी. धडा तिसराच.

१८ मे
टेबल बनेना. माझे पंधरा, तिचे चौदा. लांबी सारखीच लागते म्हणे. राहिलेला दिवस मागितला, मिनिटात आला. बनलं! पंधरा ओळी, दोन रकाने, शेजारी शेजारी. कोणाला तरी दाखवावंसं फार वाटलं. शेजारच्या तुळसाबाईंना बोलावलं. त्यांनी विचारलं, उज्ज्वला कवा येते? मी सांगितलं, डेटा अजून जमा होतो आहे. त्या वांग्याची भाजी ठेवून गेल्या.

२६ मे
दोनचा आकडा टिपला आणि प्रिंट घेऊन यवतमाळला एसटी बदलून घाटंजीला गेलो. देवसिंगने पाणी दिलं आणि खाली बघत सांगितलं की ताई तर अकरा तारखेलेच नागपूरले गेली, दवाखान्यात काम भेटलं. आकडे तोच पाठवत होता. ताईनंच सांगतलं होतं, भाऊजीले रोज आकडा देत जाय, आकडा भेटला का ते बाकी काही इचारत नाहीत.

प्रिंट परत आणला. येताना बसमध्ये दोन जणांच्या सीटवर एकटाच होतो.

२७ मे
सकाळी तिच्या नंबरवर लिहिलं की शब्द चालतील, टेबलाचं मी बघून घेईन. दोन्ही टिक निळ्या झाल्या.

दुपारी दोनला देवसिंगचा आकडा आला, ४२. भरला. चोवीस ओळी, दोन रकाने. एरर नाही.