सतरा नंबरची माती

२ मार्च
आज चहाच्या बागेत मातीची तपासनीस म्हणून रुजू झाले. दुपारी माशाचा आंबट रस्सा आणि भात चापून खाल्ला. माझी पुस्तकांची पेटी पाहून रिक्षावाल्यानं विचारलं, बाईदेव (इकडे ताईला असं म्हणतात), बाग चालवणार की शाळा. पाला तोलायच्या काट्यावर गंमत म्हणून उभी राहिले, चोपन्न किलो भरले. तोडणीवाल्यांची सरदारीण सुकुरमणी तांती म्हणाली, आमच्या पाल्यातून करता तसे हिचेही टोपलीचे दोन किलो वजा करा. सगळ्या बायका हसल्या.

सतरा नंबरच्या पट्ट्याला अकरा वर्षं खत नाही, तरी पाला सगळ्यात जास्त. हे कोडं सोडवलं की माझी नोकरी कायम.

४ मार्च
सतरामधून दोन किलो माती पिशवीत भरून आणली. सुकुरमणीनं बजावलं, की इथली माती ज्यानं नेली त्यानंच दिवस मावळायच्या आत परत टाकायची, दुसऱ्याच्या हातची चालत नाही. माझ्या आधीच्या फुकनबाबूंनाही तिनं सांगितलं होतं. ते चांदीचा दात दाखवून हसले, आणि पुढे न सांगताच कुठे निघून गेले. मीही हसले. माती वाळायलाच दोन दिवस लागतात, हे तिला कोण सांगणार.

६ मार्च
चहाला आंबट माती लागते. ही मात्र आम्ल टाकताच फसफसली, म्हणजे चुना. चुन्यात चहा मरतो, इथे तो माजलाय. शिवाय वाळलेली माती हलकी व्हायला हवी, तर पिशवी पाच किलो भरली. काटा बिघडला असेल म्हणून स्वतः उभी राहिले. एक्कावन्न.

७ मार्च
माती चाळली. चाळणीत हाडांचा चुरा, आणि एक दात. चांदीचा.
पिशवी चौदा. मी बेचाळीस. बेरीज छप्पन्नच.
मला फार भीती वाटतेय. सुकुरमणीचे पाय धरले. ती म्हणाली, रडत बसू नका बाईदेव, जड व्हायच्या आत उचला. मी हात लावला तर माझी लेकरं उघड्यावर पडतील. पिशवी उचलली, दारातच खाली ठेवावी लागली.

८ मार्च
पिशवी सव्वीस. बूट पायातून निसटतात. भर दुपारी पिशवी फरफटत बागेच्या फाटकापर्यंत — दोरी तळहातात रुतली, रक्त आलं नाही. बायका टोपल्या उतरवून बघत होत्या. कुणी पुढे आलं नाही.

९ मार्च
फाटकापाशीच पडून आहे. पिशवी हलत नाही. सतरा नंबर समोर, तीस पावलं —
सुकुरमणी लांबून ओरडतेय, मूठमूठ न्या, मूठमूठ —
हे आधी का नाही —
पिशवीचं तोंड सोडलं. माती कोमट आहे. डावा हात घातला, मूठ भरली. वर येईना.
आतून कुणीतरी माझी मूठ —