केशरी जर्दाळू

४ ऑक्टोबर

मेलो होतो आज! खरंच मेलो होतो.

गिऱ्हाइकाच्या नव्या घराच्या सगळ्या काचा आम्ही बसवल्या, म्हणून त्याने दुपारी जेवायला बोलावलं. मी आणि धाकटा भाऊ. गिऱ्हाइकाने हातात पांढऱ्या वाइनचा पेला दिला. मी पिणारा नाही, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? अर्धा पेला पोटात गेला असेल-नसेल, गळ्याभोवती कुणीतरी तार गुंडाळली आणि पिळत सुटलं. कान पेटले. मानेवर गांधी उठल्या. श्वास आत जाईना, बाहेर येईना. पेला हातातून सुटला, फुटला, आणि मी त्याच काचांवर गुडघे टेकले.

धाकट्याने काखेत हात घालून बाहेर ओढलं. "दादा, माझ्याकडे बघ! श्वास घे! घे म्हणतो ना!" आणि पाठीत असे गुद्दे घातले की बरगडी गेली असं वाटलं.

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. पित्त. सुकामेवा खा, फळांचा रस घ्या.

गुडघ्यातल्या काचा काढताना बायको रडत होती. मला हसू येत होतं. आयुष्यभर मी काच कापली, आज तिने मला कापलं!

७ ऑक्टोबर

धाकट्याने जर्दाळू आणले. नुसते केशरी, पेटल्यासारखे! "काळपट पण होते, स्वस्तातले. म्हटलं, दादाला असले मरतुकडे कशाला?" द्राक्षाच्या रसाच्या बाटल्याही आणल्या.

मग हळूच मुद्द्यावर आला. दुकानाच्या मधे भिंत घालू म्हणतो. तो आरसे करणार, मी खिडक्या. आपापलं. "रोज तुझे वटारलेले डोळे बघत काम होत नाही रे."

काच कापायची हिरकणी माझ्या हातातच होती. टेबलावरची काच मधोमध कापली आणि अर्धी त्याच्या पायाशी आपटली. घे तुझी वाटणी!

त्याची बायको — धाकटी — डबा घेऊन दारात उभी होती. उडालेला तुकडा तिच्या घोट्यात घुसला. ओरडली नाही. रक्त पुसलं, डबा ठेवला, गेली.

९ ऑक्टोबर

परत तेच. जेवून, जर्दाळू खाऊन, रस पिऊन कामाला लागलो आणि छाती आवळली. खांद्यावर मोठा आरसा होता. सुटला. सगळ्या दुकानभर माझं लालबुंद थोबाड तुकड्या-तुकड्यांनी पडलेलं!

धाकटा धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. निदान मला तसं वाटलं.

१२ ऑक्टोबर

पुन्हा. या वेळी तोंडही सुजलं. बायको म्हणाली, "तुम्हाला काहीतरी बाधतंय हो."

बाधतंय खरंच. काय नाही — कोण, ते विचार.

वाइन पिताना शेजारी कोण होता? तो. जर्दाळू कोणी आणले? त्याने. रस कोणी आणला? भिंत कोणाला हवीय? आणि मी नसलो तर भिंतीचीही गरज नाही. अख्खं दुकान त्याचंच!

भाऊ आहे तो. पण एकदा डोक्यात शिरलं की निघत नाही.

१३ ऑक्टोबर

दुकानामागच्या कुत्रीला जर्दाळू टाकले. तिने गट्टम केले, शेपूट हलवत अजून मागायला लागली. धाकटीनेही माझ्यासमोर खाल्ला. तिलाही काही नाही.

म्हणजे पिशवी चांगली. माझ्या वाट्याला येतात त्यांनाच काहीतरी लावत असणार. हुशार आहे हरामखोर!

१६ ऑक्टोबर

त्याने दिलेलं काहीही तोंडात घालत नाही. छाती एकदम मोकळी! आणखी काय पुरावा हवा?

काम करताना त्याच्या मानेकडे बघत बसतो. मान खाली घालून आरशाची कड घासत असतो. मानेवरची ती शीर. तिथे किती मऊ असेल! मी काय लिहितोय हे. पण खोटं कुणासाठी लिहू? इथे वाचणारा मीच.

१९ ऑक्टोबर

"दादा, सुकामेवा का खात नाहीस? बघ किती उतरलायस."

त्याची गचांडी धरून भिंतीला लावलं. "माझ्या खाण्याची फार काळजी तुला!" त्याने हात उचलला नाही. नुसता बघत राहिला. त्याने एक ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. शर्टाची बटणं गोळा करत बसला.

२२ ऑक्टोबर

पुन्हा झटका! मी त्याच्याकडचं काही खाल्लं नाही! फक्त डब्यातली दुधातली लापशी खाल्ली, ती माझ्या बायकोने केलेली!

डबा मात्र सकाळभर दुकानातल्या फळीवर असतो.

२६ ऑक्टोबर

इस्पितळात आहे. जे झालं ते झालं तसंच लिहितो.

परवा दुकानात जाताना मुद्दाम उशीर केला. मागच्या दाराने चोरपावलांनी गेलो. धाकटा फळीपाशी पाठमोरा. माझा डबा उघडा. चिमटीने लापशीत काहीतरी टाकतोय, चमच्याने ढवळतोय, वर दूध नीट पसरवतोय की दिसू नये!

मी ओरडलो नाही. डबा उचलला आणि त्याच्या तोंडावर फेकला. तो मागे झाला. "दादा! अरे थांब, जर्दाळू आहेत! बारीक करून—" पुढचं मी ऐकलंच नाही. केस धरून त्याचं डोकं टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. टेबलावर कापून ठेवलेल्या काचेच्या पट्ट्या होत्या, लांब, अरुंद. त्यातली एक हाताला लागली. लागली म्हणजे काय — मी घेतली. त्याने चेहरा वाचवायला उजवा हात मधे घातला. पट्टी तळव्यातून पार मनगटापर्यंत गेली.

आवाज काही झाला नाही. काच कापताना तरी कर्रकन होतो.

सगळं टेबल लाल. तो हाताकडे बघत म्हणाला, "दादा, बोटं मिटत नाहीत."

माझ्या ओठांवर लापशी उडाली होती. मारताना तोंडात गेली असणार, गिळलीही असेन. किंवा रागानेच झालं असेल. कोण जाणे. गळा बंद झाला. मी खाली पडलो, त्याच्याच रक्तात. वाटलं, आता हा मला सोडणार नाही. एक पट्टी त्यालाही पुरे!

शेजारचा वेल्डर नंतर म्हणाला, धाकटा रस्त्यात येऊन उभा राहिला. एक हात फडक्यात गुंडाळलेला, दुसऱ्या हाताने टेम्पोसमोर आडवा. टेम्पोवाला घाबरून वळवायला लागला तर याने टेम्पोच्या काचेवर स्वतःचं डोकं आपटलं. "आत माझा भाऊ मरतोय! उतर खाली!"

२७ ऑक्टोबर

इथल्या डॉक्टरीणबाई कडक आहेत. काय खाल्लं, कधी, किती, सगळं खोदून विचारलं. वाइन. द्राक्षाचा बाटलीतला रस. जर्दाळू.

"रंग कसा होता जर्दाळूंचा?"

म्हटलं, केशरी. एकदम केशरी.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाल्या, "फळ सुकलं की काळपट पडतं. तसं पडू नये म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून सल्फाइट राहतं. तुमच्या वाइनमध्ये होतं, त्या रसाच्या बाटलीवरही छापलेलं आहे. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. काही थोड्यांना सोसत नाही. तुम्हाला सोसत नाही."

"मग विष?"

"कुणी सांगितलं विष म्हणून?"

कुणीच नाही.

काळपट घेतले असते तर बहुधा काही झालं नसतं. त्याने माझ्यासाठी चांगले निवडले! बाई गेल्यावर मी स्वतःच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने नर्सला हाक मारेपर्यंत मारत होतो.

२९ ऑक्टोबर

धाकटी भेटली, जिन्यात. शस्त्रक्रिया झाली. दोन बोटं हलतात, बाकीची नाहीत.

"लपवून कशाला घालत होता?" मी विचारलं. मला तोंड तरी होतं का विचारायला!

"तुम्ही खाईनात म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय, दादाला ताकद यायला पाहिजे, म्हणायचे. सकाळी उठून स्वतः बारीक चिरायचे." मग म्हणाली, "भिंतही तुमच्यासाठीच हवी होती. मधे भिंत असली तर निदान भांडण होणार नाही, दादा दादा राहील, म्हणायचे."

मी तिच्या पाया पडायला वाकलो. ती दोन पायऱ्या वर सरकली. घोट्यावरची माझ्या काचेची खूण अजून ताजी आहे.

३१ ऑक्टोबर

त्याच्या खाटेपाशी गेलो. काही बोलायच्या आधीच त्याने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या फेकून मारला. कपाळ फुटलं. बरं वाटलं.

"मला तुला मारायचंच असतं तर जर्दाळू कशाला विकत आणले असते रे? दुकानात एवढी काच पडलीय!"

एवढंच बोलला. नंतर भिंतीकडे तोंड करून झोपला. दादा म्हणाला नाही.

२ नोव्हेंबर

इस्पितळाने कळवलं म्हणून हवालदार आला होता. धाकट्याने सांगितलं, पट्टी उचलताना काच निसटली. हवालदाराने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी म्हटलं, जिन्यात पडलो.

सुटलो! पहिला विचार हाच आला. सुटलो!

७ नोव्हेंबर

दुकान उघडून तीन दिवस झाले. तो रोज येतो, बोलत नाही. डाव्या हाताने हिरकणी चालवतो. रेघ वाकडी जाते, काच नको तिथे तडकते. तडकली की तो तुकडे गोळा करतो, दुसरी घेतो. मी मदतीला उठलो तर नुसतं बघतो. मी परत बसतो.

९ नोव्हेंबर

जुनं गिऱ्हाईक आलं, मोठ्या आरशाचं काम घेऊन. धाकट्याचा हात पाहून म्हणालं, "हे कसं?"

"काच निसटली."

"तुझ्या हातून? कमाल आहे!" आणि माझ्याकडे वळून, हळू आवाजात, पण त्याला ऐकू जाईल असं, "आरसा तुम्हीच करा हो. कारागीर एकदा हलगर्जी झाला की झाला."

धाकट्याने मान वर केली नाही. कड घासत राहिला. मी "बरं" म्हणालो! माझ्या तोंडून "बरं" निघालं!

वेल्डरही टपरीवर म्हणत होता म्हणे, धाकटा पहिल्यापासून कच्चाच. खरं तर साऱ्या गल्लीत याच्याइतकी सरळ रेघ कुणाची नव्हती. हात मी घेतला, आता नावही जातंय. आणि तो गप्प. त्याच्या गप्प बसण्यावर मी मोकळा हिंडतोय.

जेवण गेलं नाही. ताट उचलून मोरीत भिरकावलं. बायको म्हणाली, "आता कुणाला मारताय?"

१० नोव्हेंबर

पोलीस चौकीतल्या बाकावर बसून लिहितोय. वही माझ्याकडे राहू दिली.

फौजदारासमोर सगळं सांगितलं. डोकं आपटलं तेही, पट्टी घेतली तेही. त्यांनी धाकट्याला बोलावून घेतलं. "हा म्हणतो, काच निसटली नव्हती. याने मारलं. खरं काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं आहे." डाव्या हाताने सही केली. वेडीवाकडी, पण पूर्ण.

दारातून मागे वळला. "दादा, आत देतील ते आधी विचारून खा."