मानाची काठी आणि बॉयलर

हॅदर्सबी,
जानेवारीअखेर

तीर्थरूप डॉर्कसमावशीस,

एनॉकचा वाकून नमस्कार. (पूर्ण वाकलो नाही, डाव्या पायाचा अंगठा सुजला आहे, ते पुढे येईलच.) तुझं खुब्याचं हाड सांधलं का? समुद्राची हवा मानवते का, आणि लेकीच्या हातचा चहा अजून कोमटच असतो का? इकडे सगळे खुशाल. चर्चमध्ये तुझी आठवण रोज निघते, बहुधा माझ्या हातून काही सांडलं की.

मावशी, आधी तुझे उपकार मानतो. बिस्किटांचा कारखाना बंद पडल्यावर मी घरात नुसता बसून होतो. तू पडलीस, आणि दवाखान्याच्या खाटेवरून पाळकबाईंना सांगितलंस, की माझं व्हर्जरचं काम आता माझ्या भाच्याला द्या. ठेवून तर बघू, म्हणाल्या त्या. तेव्हापासून मेणबत्त्या, घंटा, किल्ल्या, वटवाघळांची घाण, आणि चर्चला ऊब देणारा तळघरातला तो बॉयलर, सगळं मी बघतो. बॉयलरला रोज सकाळी लाथ घालावी लागते (डाव्या पायाने, तू सांगितलंस तशी, उजव्याची त्याला कदर नाही).

गेल्या रविवारी बिशपसाहेब आले. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हेही त्याच दिवशी ठरणार होतं. पाळकबाईंनी बजावलं, "एनॉक, तुम्ही पुढे चालायचं, बाकी सगळे तुमच्या मागे. एवढंच करा, जास्तीचं काही करू नका." मानाची काठी उभी धरून व्हर्जरने निघावं आणि गायकांपासून बिशपांपर्यंत सर्वांनी त्याच्या मागून यावं, एवढं मला ठाऊक होतं. मागे वळून बघायचं नाही, ही तुझी शिकवणही पक्की होती. मी ताठ निघालो. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी डावीकडे वळायचं होतं. पण बिशप आलेत हे पायांना कोण सांगणार? ते रोजच्यासारखे उजवीकडे वळले आणि तळघराच्या पायऱ्या उतरू लागले.

मला भान आलं ते बॉयलरला लाथ बसल्यावर. (हो, घातली, समारंभाच्या पातळ बुटाने.) वळून बघतो तर गायक, पाळकबाई, बिशपसाहेब, सगळे खाली. एकानेही मला थांबवलं नव्हतं. आपल्या लोकांचं तुला माहीत आहेच, विहिरीत उतरवलं तरी गाणं मध्येच तोडणं त्यांना असभ्य वाटेल. नाताळच्या देखाव्यातल्या लाकडी उंटाला खेटून ते तिसरं कडवं गात होते. पाळकबाईंचा चेहरा बघून मी मनातल्या मनात किल्ल्या परत केल्या.

बिशपसाहेबांनी मात्र शांतपणे हात बॉयलरपुढे धरले. "या चर्चमध्ये आज पहिल्यांदा माझ्या बोटांत जीव आला," म्हणाले. "तुम्हाला हे काम शिकवलं कोणी?" मी म्हटलं, "मावशीने. डॉर्कस हॅलिडे." त्यावर ते इतके हसले की त्यांची उंच टोपी उंटाच्या मानेवर पडली. तरुणपणी ते इथे मदतनीस पाळक होते म्हणे, आणि तू एका लग्नाची अख्खी मिरवणूक, नवरीसकट, भांडी घासायच्या खोलीत नेली होतीस. "आणि बाई जराही गडबडली नाही. सगळ्यांना चहा दिला तिने." मावशी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी इतके दिवस तुझ्या बिनचूकपणाला घाबरत होतो.

मग वर येऊन उपासना रीतसर झाली. नंतर पाळकबाई म्हणाल्या, "उद्या वेळेवर या. आणि यापुढे कुंडापाशी डावीकडे." म्हणजे मी कायम झालो. माझं पोट आणि माझी ताठ मान, दोन्ही तुझ्यामुळे आहेत, हे तोंडावर सांगायला जमलं नसतं म्हणून लिहितो.

तुझा ऋणी भाचा,
एनॉक

ता. क. काठीच्या टोकाचा चांदीचा क्रूस बॉयलरच्या दारावर आपटून वाकला आहे. पाळकबाईंना अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

आणखी ता. क. खरं पत्र इथून पुढे. ईस्टरला ये. लेक सांगत होती, आता काठीशिवाय चालता येत नाही, लोक बघतील, म्हणून तू यायचं टाळतेस. मावशी, उभा जन्म तू हातात काठी घेऊनच सगळ्यांच्या पुढे चाललीस आणि लोक बघतच होते. त्या दिवशीही तूच पुढे चाल. मी मागून येईन. तू जिकडे वळशील तिकडे आम्ही सगळे वळू. बॉयलर तापवून ठेवतो.