आमच्याकडची लाट आणि तिकडची

बाबा, तुमची नात समुद्राकाठी राहायला गेली. बँकेत लागली, पहिलीच नेमणूक रत्नागिरीकडे, खोलीच्या खिडकीतून पाणी दिसतं म्हणे. तुम्ही जन्मभर दर्यापूरच्या शाळेत भूगोल शिकवला आणि समुद्र काही पाहिला नाही, म्हणून तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आम्ही अकोल्यात, जठारपेठेतच आहोत. तुम्ही गेल्यापासून आई माझ्याजवळ असते. अजून खणखणीत आहे आणि अजून कुणाचं ऐकत नाही.

नेमणुकीचं कळलं त्या दिवशी तिनं ताट बाजूला सारलं. "पोट्टी तठी जानार नाई. लाट येते तठी." पोरगी म्हणाली, "आजी, लाट त अठी बी येते, दर मे महिन्यात." आई उसळलीच. "ते लाट माह्या वळखीची हाये. खिडकीले वाळ्याची ताटी लावली, कमरेले कांदा खोसला, का झालं. तठच्या लाटेले काय लावू?" मला हसू आलं, पण मलाही तिला पाठवायचं नव्हतं. एकुलती एक पोर. मान मोडून अभ्यास करून तिनं ही नोकरी मिळवली होती, आणि मी नको म्हटलं असतं तर ती थांबली असती. तेच तर अवघड होतं.

तेव्हा तुमचा वर्ग आठवला. फळ्यावर तुम्ही 'भरती' लिहिता आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, भरतीले छाती किती लागते?" आपल्याकडे भरती म्हणजे पोलिसातली नाहीतर मिलिटरीतली, तिसरी कुणी ऐकली होती? सगळा वर्ग खिदळतो, तुम्हीही. पण त्याच सुमारास कुठल्याशा परदेशी किनाऱ्याला त्सुनामीनं झोडपलं आणि पेपरानं छापलं, 'भरतीची राक्षसी लाट'. तेव्हा मात्र तुम्ही असे तापलात की पेपर घेऊन थेट स्वयंपाकघरात. आई कणीक मळत बसलेली. तुम्ही दुसरी परात ओढता, पाणी ओतता, वरून फुंकर मारता. "हे वाऱ्याची लाट, वरवरची. मोठं वादळ असलं का वारा पानी किनाऱ्यावर ढकलते, पन वादळ येताना दिसते तरी." मग परात हळूच कलती करता. "हे भरती. चंद्र-सूर्य ओढतात, पानी सावकाश चढते, सावकाश उतरते. तिची वेळ आधीच सांगता येते." आणि मग बुडाला खालून अशी बुक्की हाणता की पाणी उसळून सगळं कणकेत. "अन् हे त्सुनामी! समुद्राचा तळच हालते, खालपासून वरपर्यंत सारं पानी निघते. खोल पान्यात नाववाल्याले पत्ता लागत नाई, काठाशी आलं का उभं राह्यते. चंद्राचा काय संबंध?" आई म्हणाली, "चंद्राचा नसन, माह्या कनकीचा काय संबंध होता? शाळा शाळेत ठेवा." त्या दिवशी आपण खिचडी खाल्ली.

तेच सगळं मी आईपुढं केलं, बुक्कीसकट. ओटा ओला झाला. तिला म्हटलं, पूर्णेला पूर आला तर वरच्या गावांतून फोन येतो, उन्हाची लाट टीव्हीवर सांगतात. ही मात्र कधी कधी आपली आपणच ओळखायची. जमीन जोरात हादरली किंवा पाणी एकाएकी मागं गेलं की फोटो काढत बसायचं नाही, उंचावर पळायचं, आणि एक लाट गेली म्हणून खाली उतरायचं नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं. "तुह्या बापासारखाच पसारा करतं," म्हणाली आणि चिवड्याचा डबा भरायला घेतला. म्हणजे परवानगी. मी मोरीत जाऊन जरा रडून घेतलं.

मागच्या रविवारी सकाळी पोरीचा व्हिडिओ कॉल आला. "आई, बघ," म्हणत तिनं मोबाईल समुद्राकडे वळवला. आणि पाणी कुठंच नाही! लांबवर नुसती ओली वाळू, होड्या कलंडून पडलेल्या. बाबा, माझा चहा सांडला. "पळ!" मी किंचाळले, "टेकडीवर पळ, पाणी मागं गेलं!" ती क्षणभर दचकली, मग इतकी हसली की मोबाईल हलायला लागला. "अगं आई, ओहोटी आहे ती. रोजचीच. दुपारी येईल पाणी परत." माझा जीव भांड्यात पडला. उन्हानं रापली आहे, पण चेहरा काय खुललाय तिचा! बरं झालं पाठवलं. घर सुनं वाटतं, तरी मी सुखात आहे, खरंच.

हे तुम्हाला पाठवणार कुठं, आणि घरात ठेवलं तर आईच्या हाती लागेल. ते परवडायचं नाही, लिहून झालं की फाडते. त्या रविवारी माझं किंचाळणं ऐकून ती देवघरातून धावत आली होती. "काहून बोंबलून राहिली वं?"

मी म्हटलं, "रेंज नव्हती."