अंगणातली धा फुटाची रिंग

रवि. २० एप्रिल
पिरंगुटला बास्केटबॉलची म्याच. हरलो. नातू संकेत गार्ड. बॉल त्योच आणतो, समद्यास्नी त्योच खेळवतो. पण लांबून टाकला की रिंगच्या फुडच्या कडेला धाडकन. सात टाकले, एक पडला. मग पलीकडच्या टीमचा सर वरडला, "चार नंबरला सोडा, टाकू द्या त्याला." संकेतला सोडला की माज्या देखत, देवाचा वळू सोडल्यागत. त्याच्यावरचा गडी जाऊन आमच्याच टीमच्या आदित्यला चिकटला. उंच पोरगं ते, दोघांत चेंगरलं.

मंगळ. २२
अंगणातल्या रिंगवर धा टाकायला लावले. आठ पडले. मग तितं काय हुतंय? म्हनलं, "घरात वाघ, भाईर मांजर." चा न घेता गेला. जाऊ दे. सून म्हनती, मनाच्या डॉक्टरला दाखवू. कसलं मन. अंगात दम पायजे.

गुरु. २४
सांजच्याला संकेतचे कोच घरी आले. नागपूरकडचे, आयटीत कामाला, सुट्टीच्या दिवशी फुकट शिकवतात. माणूस बरा, पण लई बोलतो. "काका, याचा शॉट सपाट जातो, वर चढत नाही. घरची रिंग एकदा मोजून पाहू का?" डोकं फिरलं. म्हनलं, पोरगं सातवीत व्हतं तवा ह्या हातानं खांब रवलाय. टेप लावून, धा फूट. तीस वर्सं फिटर व्हतो कंपनीत. मला माप शिकवता? संकेत तितंच उभा. कोच चा पिऊन गेले.

रवि. २७
परत म्याच, परत तेच. मधल्या सुट्टीत आदित्य समद्यांसमोर त्याला म्हनला, "तुला कोन धरत न्हाई म्हनून माज्या अंगावर दोगं. टाक, न्हाईतर बस." त्याच्यानंतर संकेतनं एकबी टाकला न्हाई. मोकळा असून बॉल दुसऱ्याला द्यायचा. मग त्यालाबी कोन देईना. शेवटी कोचनी बसवला. बाकावर, तोंडावर टॉवेल.
आदित्यला जाऊन झापलं. त्यो म्हनला, "आबा, दोस्त हाय त्यो माजा. पण बरगडीबी माजीच हाय." खरंच बोलला. त्याचाच जास्त राग.

शुक्र. २ मे
मुरमाची ट्रॉली आली. पावसाच्या आधी दर साली अंगणात टाकतो, न्हाईतर हितं गुडघाभर चिखल. ड्रायव्हर म्हनला, "कुटं वतू? खांबापाशी?"
खांबाकडं बघितलं. रवला तवा गंज लागू नये म्हनून बुडाला वीतभर डांबर फासलं व्हतं, जमिनीच्या वर. डांबर कुटंच न्हाई.
फावडं घेतलं. चार बोटं खणलं तवा डांबर लागलं. टेप आणली, जमिनीपास्नं रिंगपत्तूर लावली. नऊ फूट.
पाच वर्सं मुरूम मीच टाकला. रिंग खाली आली न्हाई, अंगण वर गेलं. पोरगं वाढलं म्हनून रिंग जवळ वाटती, असं समजत व्हतो. तीस वर्सं फिटर म्हणं. थू.
ट्रॉली परत धाडली. "आबा, पावसात रुताल," म्हनला. रुतू दे.

रवि. ४
काल खांबाला वर फूटभर तुकडा वेल्ड करून रिंग चढवली. तीनदा मोजली. तालुक्याच्या टीमची नावं १८ला पौडला लागणार. चौदा दिवस.
सकाळी संकेतनं धा टाकले. एक पडला. "वर का घेतली, आबा?"
"गंजली व्हती."
त्यानं खांबाच्या बुडाकडं बघितलं. खड्डा तसाच, डांबर उघडं.
"कोच मोजू म्हनले तवा का न्हाई मोजू दिली?"
त्यानं बॉल माज्या छातीवर फेकला, जोरात. "उभं ऱ्हावा तितं. शंभर टाकायचेत. आणून द्या."
ऊन डोक्यावर येईस्तवर आणून दिले. शंभर झाले, त्यो थांबला न्हाई. मीबी न्हाई.
किती पडले ते हितं लिवत न्हाई.