भाचा बसवराज यास जे मिळणार नाही ते

मी, रुद्राणी गुरप्पा म्हमाणे, वय एकाहत्तर वर्षे, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार साखर पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र सोमवार दिनांक २० नोव्हेंबर १९७८ रोजी स्वतःच्या हाताने लिहावयास घेत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यास शंका असेल त्याने समोर येऊन पाच मिनिटे वाद घालून पाहावा. हृदय मात्र थकले आहे. तसा दाखला डॉ. मडिवाळप्पा शिरोळे यांनी दिला असून तेच या मृत्युपत्राचे एक साक्षीदार आहेत. मजवर कोणाचा दबाव नाही. दबाव आणून पाहणारा एकच इसम या शहरात आहे, आणि पहिले कलम त्याचेच आहे.

कलम १. माझे आईवडील व भाऊ मल्लप्पा वारले. मल्लप्पाचा मुलगा बसवराज हा कायद्याने माझा एकमेव वारस ठरतो. त्यास माझ्या स्थावर वा जंगम मिळकतीतून काहीही मिळू नये. त्याचे नाव गाळले तर उद्या तो न्यायालयात उभा राहून सांगेल की, आत्या म्हातारी होती, विसरली. म्हणून लिहून ठेवते की मी काहीही विसरलेले नाही.

कलम २. माझी पुस्तके, सहा कपाटे, पेठेतील वाचनालयास द्यावीत. वाचनालयाच्या चिटणिसांनी ती काचेआड ठेवून कुलूप लावू नये. समासात मी पेन्सिलीने लेखकांशी भांडले आहे, ते खोडू नये.

कलम ३. आता माझी वही. तरुणपणी मी गिरणीच्या दारात, चौकात, जत्रेत भाषणे केली. टाळ्या भरपूर मिळाल्या, पण टाळ्या वाजवणाऱ्याच्या ताटात त्यामुळे अर्धी भाकरी जास्त पडली नाही. तेव्हा १९५२ साली मी दुसरे काम हाती घेतले. सरकारचे कोणते खाते, मुंबई-पुण्याचा कोणता ट्रस्ट, कोणाला, कशासाठी अनुदान देतो ते शोधायचे आणि पेठेतल्या माणसांचे अर्ज लिहून द्यायचे. विणकरांची सोसायटी, आंधळ्यांची शाळा, लालसाब शेख यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान, मैंदर्गीच्या बायकांचे पापड केंद्र, असे दोनशे अकरा अर्ज मी लिहिले. त्यांपैकी एकोणनव्वद मंजूर झाले. उरलेल्यांना खात्यांनी जी उत्तरे दिली, ती वाचून दगडालाही शिवी सुचेल.

या सव्वीस वर्षांत शिकलेले सारे त्या वहीत आहे: कोणत्या खात्यात मार्चअखेर पैसा पडून राहतो, कोणत्या शेठला पत्रात 'दीन' हा शब्द लागतो आणि कोणाला हिशेब लागतो, कोणता कारकून फाइल दाबतो. ही वही व माझा मराठी टाइपरायटर शमशाद गैबीसाब मुल्ला यांना द्यावा. शमशाद साखर पेठ महिला शिवण मंडळाच्या अध्यक्ष आहेत. अट एकच. वहीतून उतरवून घ्यायला येणाऱ्या कोणाकडूनही पैसा घेऊ नये. बसवराज अनुदान मिळवून देण्याचे शेकडा दहा घेतो आणि त्याला समाजसेवा म्हणतो.

कलम ४. आठ शिवणयंत्रे. हे कलम मृत्युपत्रात कशाला, असे वकील विचारतील. ती यंत्रे माझी नाहीत, शिवण मंडळाची होती, आणि ती माझ्यामुळे गेली, म्हणून.

आमच्याकडे तपासणीच्या दिवशी संस्थांनी एकमेकींना सामान उसने देण्याची जुनी रीत आहे. खुर्च्या, काळे फळे, सतरंज्या, क्वचित विद्यार्थीही. कारण खाते म्हणते, आधी संस्था उभी करून दाखवा, मग उभी करायला अनुदान देऊ. ज्याच्यापाशी काही नाही त्याने काय दाखवायचे? म्हणून सगळे उसने दाखवतात, आणि निरीक्षकांनाही ते ठाऊक असते. मी स्वतः ही रीत पाळली आणि इतरांना शिकवली.

जानेवारी १९७५ मध्ये बसवराज आला. त्याच्या दीनोद्धारक विकास मंडळाची तपासणी होती.

"आत्या, दोन तासांचा प्रश्न हाय. सायेब गेला की यंत्रं परत."

मी बायकांना विचारलेही नाही. हातगाडीवर आठ यंत्रे घालून दिली. त्या दिवशी नवा निरीक्षक आला. त्याच्या हातात तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला. त्याने प्रत्येक यंत्रावर दीनोद्धारकचे नाव व क्रमांक रंगवला आणि ती यंत्रे त्या संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, चढवून सही केली. संध्याकाळी मी यंत्रे मागायला गेले, तर बसवराज हसत म्हणाला, "आत्या, आता सरकारी माल झाला की. मी देतो म्हटलं तरी देता येत न्हाय. तू शिकलेली बाई, कायदा तुला ठाऊक."

कायदा ठाऊक होता म्हणूनच मी गप्प बसले. तक्रार करायची तर आधी लिहून द्यावे लागेल की खात्याला फसवायला यंत्रे मीच दिली होती. चौकात उभी राहून लबाडांची सालटी काढणारी मी, पावणेचार वर्षे तोंड शिवून बसले. या काळात शमशाद आणि बावीस बायका भाड्याच्या व्हरांड्यात हाताने काजे-बटणे करत बसल्या आहेत, आणि बसवराज त्या यंत्रांचा देखभाल भत्ता घेतो आहे.

तरी हे कलम असे: घडला प्रकार मी माझ्या दोषासह लिहून, सही करून, आजच रजिस्टर पोस्टाने खात्याकडे पाठवला आहे. त्या निवेदनाची एक नक्कल बसवराज यास द्यावी. कलम १ ला एवढाच अपवाद.

कलम ५. घर. साखर पेठेतील दोन खोल्या, ओटा व परस, माझ्या पगारातून घेतलेले. मुंबईच्या एका ट्रस्टने शिवण मंडळास बारा नवी यंत्रे देण्याचे कबूल केले आहे. मात्र मंडळाची स्वतःच्या मालकीची जागा हवी, आणि तिचा कागद ३१ मार्च १९७९ पूर्वी ट्रस्टकडे पोचला पाहिजे. सबब हे घर माझ्या मृत्यूनंतर मंडळास द्यावे.

येथवर सोमवारी लिहिले. मंगळवारी शमशाद आली. मी तिला ओट्यावर बसवून सगळे वाचून दाखवले. आभार मानेल अशी माझी समजूत होती. ती बोटांवर महिने मोजू लागली.

"बाई, कागद मार्चाच्या आत पायजे. आन् घर तुमी मेल्यावर. म्हंजे आमी आता तुमच्या मरणाची दुवा मागायची व्हय?"

मी म्हणाले, "ट्रस्टला मृत्युपत्राची नक्कल पाठवू."

"त्यांनी इचारलं बाई कुटं हायत, तर काय सांगू? हितंच बसल्यात, चा पिऊ लागल्यात?"

"शमशाद, थट्टा पुरे."

"थट्टा न्हाय. तुमी गेल्यावर बसवराज गप बसंल व्हय? धा वर्सं कोर्टात घालवंल. तवर माज्या बायकांचे डोळे जातील. सुईत दोरा कोण ओवणार, वकील?"

मी चिडले. म्हणाले, "हे घर माझं आहे. चौतीस वर्षं खडू झिजवून घेतलंय. भावाच्या घरात 'हिला ठेवायची कुठं' हे ऐकून घेतलं, तेव्हा कुठं हे दार माझं झालं."

"मग ऱ्हाऊ द्या की," ती उठली. "पर गेल्या साली बाळीवेशीत भाषण केलं तुमी. देनाऱ्यानं मूठ आवळली तर त्यो देतच न्हाय, म्हणून. आमी बावीस बायका काम बुडवून आलो हुतो. लई टाळ्या वाजवल्या."

पन्नास वर्षे मी लोकांना निरुत्तर करत आले. त्या दुपारी मी पेटीतून घराचा कागद बाहेर काढला. चिडून की लाजून, कोण जाणे.

कलम ६. कलम ५ रद्द समजावे. बुधवारी मुद्रांक घेतला, दस्त लिहवला, आणि आज गुरुवारी सकाळी दुय्यम निबंधकांसमोर घर मंडळास बक्षीस दिले. शमशादने मंडळातर्फे स्वीकाराची सही उर्दूत केली. कारकून कुरकुरला, तेव्हा मी त्यास जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात समजावले. हे मृत्युपत्र उघडून बसवराज घर शोधील, तर ते माझ्या मिळकतीत नसेल. त्याने सहा कपाटांवर दावा लावावा. त्या निमित्ताने पुस्तकाला हात तरी लागेल.

कलम ७. शोकसभा घेतल्यास अध्यक्षस्थानी बसवराज नसावा. त्याला आभार मानायलाही उभे करू नये. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगले बोलावे म्हणतात. तो आधी गेला तर मी सभेला जाणार नाही.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लालसाब बंदगीसाब शेख यांनी करावी. त्यांनी मेहनताना घेण्यास नकार दिला आहे. तरी माझी छत्री व पितळी बंब त्यांनी मुकाट्याने न्यावा.

कलम ९. आज दुपारी मंडळाची सभा माझ्या, म्हणजे त्यांच्या, ओट्यावर भरली. मी हयात असेपर्यंत मागच्या खोलीत विनाभाडे राहावे असा ठराव झाला. त्यास शमशादने उपसूचना मांडली, की सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत बाईंनी भाषण करू नये, बायकांचे टाके चुकतात. मी हरकत घेण्यास उठले. तेव्हा मला सांगण्यात आले की मी सभासद नाही. ठराव उपसूचनेसह एकमताने मंजूर झाला, आणि मला तो मान्य आहे.

वरील सर्व मजकूर मी दोघा साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचला, मग खाली सही केली. त्या वेळी पाच वाजून गेले होते.

सही: रुद्राणी गुरप्पा म्हमाणे

साक्षीदार:
१. डॉ. मडिवाळप्पा शिरोळे, सोलापूर
२. तात्याबा कोंडिबा गवसाने, निवृत्त पोस्टमन, साखर पेठ

ठिकाण: सोलापूर
गुरुवार, दिनांक २३ नोव्हेंबर १९७८