गरम पाण्याची पिशवी

लाडक्या धाकट्या,

तुला जाऊन वीस वर्षं झाली, तरी हे तुलाच सांगायचं आहे. लहानपणी अंडकोषात कळ आल्याचं तू फक्त मला सांगितलंस. मी कॉन्व्हेंटची मुलगी, तो शब्द तोंडून निघेना. आईला म्हणाले, "त्याचं पोट दुखतंय." तिने गरम पाण्याची पिशवी दिली. दवाखान्यात पोचेपर्यंत दहा तास गेले आणि एका बाजूचा अंडकोष काढावा लागला. "आधी कोणाला सांगितलं होतंस?" असं कोणी कितीही विचारलं, तरी तू माझं नाव सांगितलं नाहीस.

आज दुपारी नातू कण्हत म्हणाला, "आजी, पोट दुखतंय." मी पिशवी काढायला कपाटाकडे वळले, तोच मागून तुझा आवाज आला, "ताई, आता तरी नीट विचार."

मी विचारलं. डावा अंडकोष सुजून वर ओढला गेला होता. त्याला तसंच उचलून दवाखान्यात नेलं.

"पीळ पडला होता," ऑपरेशननंतर सर्जनबाई म्हणाल्या. "वेळेत आणलंत म्हणून वाचला, आजी."

शुद्धीवर येताच नातवाने विचारलं, "पिशवी पोटाशी धरून माझ्याजवळ बसलेला तो मुलगा कोण गं?"

घरी येऊन कपाट उघडलं. पिशवी रिकामी होती, पण अजून गरम.

आता ठेव रे ती खाली.

तुझी,
उशिरा बोलती झालेली ताई